गोलूच्या तोंडात काय काय गेलं

४ मार्च
गोलूचं पोट तिसऱ्यांदा बिघडलं. आठ महिन्याचं लेकरू आन तीन वेळा दवाखाना. ताईनं आज पुन्हा ऑफिसात सुट्टी टाकली. साहेब म्हणाले म्हणे, प्रोबेशनमध्ये इतक्या सुट्ट्या चालत नाईत, मॅडम. ताई रडली नाई. नुसती पर्स घेऊन खाटेवर बसून राह्यली, जशी की निघायचंच आहे.

गोंदियाहून तिच्या सासूबाईंचा फोन. (पुढं सा.बा. लिहीन. पूर्ण लिहिलं तं त्या वाचून राह्यल्या असं वाटते.) म्हणाल्या, आता अजून एकदा बिमार पडला तं मी येतो आन घेऊन जातो त्याले. दोन वर्षाचा होईपर्यंत माझ्याजवळ राहील, मंग न्या. भाऊजी कटनीले रेल्वेत, रविवारी येतात, ते आपल्या आईपुढं काई बोलत नाईत. ताई पण हाव आई, हाव आई करत होती.

दिवसभर गोलूले सांभाळते कोण? मी. ताई ऑफिसात, आई शाळेत पोट्ट्यांचं खाणं बनवायले, बाबा फॅक्टरीत. म्हणजे नाव माझंच येते. कोणी म्हटलं नाई पण येते.

नववीत शाळा सुटली तेव्हापासून माझ्या एकटीच्या भरवशावर सोडलेलं हे एकच काम आहे. गोलू कुठी जाणार नाई.

५ मार्च
नेपियर टाऊनच्या डॉक्टरकडं गेलो, ऑटोत चौघं. आईनं आधीच सांगून टाकलं, दात येऊन राह्यले डॉक्टरसाहेब, दात येताना पोट जातेच. ते म्हणाले, दातानं नाई जात माताजी. "जो मुँह में जाए वो धुला हुआ हो। और धोने वाले के हाथ भी।" हे माझ्याकडं पाहून म्हणाले. कसं समजलं त्याईले, मीच सांभाळते म्हणून?

कंपाउंडरले विचारायचं होतं, खेळणी कशानं धुवायची, साबण कोणता, पाणी गरम का थंडं. ओठापर्यंत आलं आन तिथंच राह्यलं. ताईनं विचारावं म्हणून तिले कोपर मारला. तिले वाटलं मागून धक्का लागला, ती पुढं सरकली.

घरी येऊन पहिले नखं कापली. बारीक, दुखेपर्यंत.

६ मार्च
खेळणी मोजली. एकोणीस. आपण घेतलेली फक्त चार. बाकीची मोहल्ल्याची.

आई मानते की लेकराले पहिलं वर्ष जुनं द्यावं, ज्याचं लेकरू चांगलं वाढलं त्याच्या घरचं. म्हणजे हे पण तसंच वाढते. बाजूची चाची पण मानते. म्हणून अर्ध्या घमापूर मोहल्ल्याची खेळणी आमच्या घरी. हत्तीचा खुळखुळा, एका डोळ्याची कापडाची बाहुली, प्लास्टिकच्या चाव्या, लाकडाचा लाल घोडा, सेल नसलेला रिमोट. एक गाडीचं चाक आहे, गाडी नाई. रबराचं बदक भाऊजींनी कटनी स्टेशनवरून आणलेलं, नवीन आहे, दाबलं की चूं करते.

सगळ्याईले एका पिशवीत टाकून ठेवत होतो आम्ही. पिशवी झटकली तं खाली काय काय पडलं ते लिहीत नाई.

७ मार्च
उकळली. सगळी. मोठ्या गंजात, काठोकाठ पाणी भरून.

हत्तीची सोंड पोटाले चिकटली. चाव्या वाकल्या. घोड्याचा लाल रंग पाण्यात उतरला, त्या पाण्यात बाहुली पण होती, ती गुलाबी झाली. आई शाळेतून आली तं म्हणते, माझ्या दुधाच्या गंजात कायचा रस्सा करून राह्यली वं तू?

मोठा गंज तोच होता. मले काय माहीत.

तीन फेकावी लागली, आता सोळा खेळणी. घोडा उन्हात ठेवला तं संध्याकाळपर्यंत मधून चिरला.

९ मार्च
नीट शिकूनच करीन.

कंपाउंडरले चिठ्ठी दिली. घरूनच लिहून नेली, हिंदीत, सात सवाल, नंबर टाकून. तो म्हणाला, ये क्या है, अर्जी है क्या? मी मान हलवली. त्यानं पेशंट कमी झाल्यावर पाठीमागं उत्तरं लिहून दिली. वर पाहत म्हणे, "इतना तो माँएँ भी नहीं पूछतीं।"

त्यानं लिहिलं: प्लास्टिक रोज साबणाच्या कोमट पाण्यानं, मंग साध्या पाण्यानं दोनदा, साबणाचा वास जाईपर्यंत. उकळायचं नाई. कापडाचं गरम पाण्यात धुवून कडक ऊन. लाकूड भिजवायचं नाई, ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं. सेलचं असलं तं सेल काढून पुसायचं. भोक असलेलं खेळणं पाण्यात बुडवायचं नाई. फिनाइल, ब्लीचिंग काईच लावायचं नाई. सातवा सवाल होता, किती दिवसानं. त्याच्यापुढं लिहिलं, जो मुँह में जाता है, रोज.

चिठ्ठी स्वयंपाकघरात खिळ्याले टोचली.

१२ मार्च
आता असं. नळ सकाळी सहाले येते, तेव्हाच खेळण्यांची बकेट वेगळी भरून ठेवते. निळी. तिले कोणी हात लावत नाई, भांडी घासायले नाई, पाय धुवायले तं नाईच. बाबाईनं काल पाय धुतले, मी काई बोलली नाई, पाणी फेकलं आन नळाच्या लाइनीत पुन्हा उभी राह्यली. बाबा पाहत होते. आज ते लाल बकेटीकडं गेले.

गोलू दुपारी निजला की धुते. छपराच्या टिनावर ऊन कडक असते, तिथं जुनी साडी टाकून सगळी मांडते. चारले उतरवते. झाकणाच्या डब्यात.

चाची गच्चीवरून ओरडली, अरी शालू, दुकान लगा ली क्या छप्पर पे? कितने का दिया हाथी? मी आत पळाली. मंग तिनंच सांगतलं, थोडं फिनाइल टाकत जा, कीड़ा-वीड़ा सब मर जाता है. मी हाव म्हटलं. टाकणार नाई.

१६ मार्च
चाचीचा नातू बिट्टू. तीन वर्षाचा. येतो, डबा उघडतो, एक एक खेळणं चाटून गोलूच्या हातात देतो. प्रेमानं देतो, त्याच्यावर रागवता पण येत नाई. नाक वाहत असते.

चाचीले सांगता येत नाई. तोंडच उघडत नाई. म्हणून दोन डबे केले. बिट्टू येताना दिसला की साध्या डब्यातली चार पुढं ठेवते, चांगला डबा फळीवर. बिट्टू गेला की चारही बकेटीत. आन बिट्टूचे हात पण धुवून देते, खेळ म्हणून, साबणाचा फेस दाखवून. आज तो स्वतःच म्हणाला, दीदी, झाग.

चाचीले वाटते मले तिचा नातू फार आवडते.

२२ मार्च
बदक!

दाबलं तं चूं नाई आली, फुसकन पाणी आलं. काळं. वास असा की आई स्वयंपाकघरातून आली पाहायले. मी रोज बकेटीत बुडवून धुवत होती त्याले, पहिल्या दिवसापासून, कंपाउंडरनं लिहून देऊनही. भोक खाली असते, पोटाले, मले दिसलंच नाई. कात्रीनं कापून पाह्यलं. आतून सगळं काळं, चिकट.

म्हणजे हेच होतं. मीच भरून भरून देत होती त्याले.

फेकलं. भाऊजींनी आणलेलं म्हणून ताई थोडी चिडली, आत पाह्यलं तं हात धुवायले गेली. भोकाचं एक पण खेळणं आता घरात नाई. तपासलं.

२ एप्रिल
बदक फेकून अकरा दिवस झाले. गोलूचं पोट चांगलं. खिचडी खाते, मूठ मूठ. ताई रोज ऑफिसात. काल येताना तिनं माझ्यासाठी हेअरबँड आणला, हातात दिला नाई, उशीवर ठेवला. आम्ही दोघी अशाच आहो.

सा.बा.चा फोन आला तं ताई म्हणाली, शालू खूप ध्यान ठेवते त्याचं. पलीकडून काय म्हणाल्या ते ऐकू नाई आलं.

१४ एप्रिल
जयंती. सगळे विहारात. पांढरे कपडे. गोलू पहिल्यांदा. सगळ्याईनं घेतला त्याले, या हातातून त्या हातात. मी सोबत खुळखुळा धुवून रुमालात बांधून नेला होता, तोच देत होती, दुसरं काई तोंडात जाऊ दिलं नाई. खिरीचा चमचा कोणीतरी पुढं केला, मी मधात हात घातला. मी! अनोळखी बाईपुढं. ती म्हणाली, बाई, मोठी कडक आहे मावशी याची.

आवडलं मले ते.

१७ एप्रिल
पुन्हा.

काल दुपारपासून सहा वेळा. आज ताप. ओआरएसचं पाणी चमच्या चमच्यानं. डॉक्टर म्हणाले भरती करायची गरज नाई, पण ध्यान ठेवा.

मी तं काईच जाऊ दिलं नव्हतं.

ताईनं सुट्टी टाकली. सा.बा.ले सांगायचं नाई ठरलं होतं पण भाऊजींनी सांगतलं. त्या २८ ले येऊन राह्यल्या. न्यायले. ताईले फोनवर इतकंच म्हणाल्या, "तुझी बहीण अजून पोट्टी आहे, तिची चूक नाई." मले वाईट याचंच वाटलं की त्या चांगलं बोलल्या.

अकरा दिवस आहेत.

१८ एप्रिल
गोलू जरा बरा. रडून घसा बसला त्याचा.

बसून विचार केला. खेळणी स्वच्छ. वाटी-चमचा उकळलेला. पाणी उकळलेलं. हात माझे धुतलेले, आईचे पण. तरी काईतरी जाते त्याच्या तोंडात जे मले दिसत नाई. उद्या दिवसभर काई करणार नाई, फक्त पाहीन. सगळं लिहीन, एक एक. आईले म्हटलं भात तू लाव.

१९ एप्रिल
सकाळी ७ ते १२:
खुळखुळा ४. वाकड्या चाव्या ६. चमचा २. माझी वेणी ३. आईच्या पदराचं टोक २. चटईची काडी १ (काढली). मनगट ११.

मनगट कायले लिहिलं, ते काई खेळणं नाई. पण सगळं लिहायचं ठरलं होतं.

१२ ते ५ (मधात निजला):
चाव्या ३. बाहुलीचा पाय २. मनगट ९. निजताना पण मनगट.

सगळ्यात जास्त मनगटच. आई म्हणते दात शिवशिवतात म्हणून चावते. मी जवळ जाऊन पाह्यलं. मनगट नाईच चावत तो. मनगटावरचा दोरा चोखते.

२० एप्रिल
तो दोरा नामकरणाच्या वेळचा. सा.बा.ईनं गोंदियाले घरी परित्राण पाठ ठेवला होता, भंतेजी पाठ म्हणत होते तोवर सगळ्याईनं तो दोरा धरून ठेवला होता, मंग सा.बा.ईनं स्वतःच्या हातानं गोलूले बांधला. तेव्हा पांढराशुभ्र होता. सात पदरी, गाठ मोठी.

आता चहाच्या गाळणीसारखा रंग. नाकाजवळ नेला. आंबट. दूध, खिचडी, लाळ, सगळं त्याच्यात. खाली कातडी लाल झाली. सात महिने झाले, एक दिवस पण वाळला नसंल तो.

रोज पाहते मी त्याले. रोज आंघोळ घालते, रोज तो हात धुते. दोरा दिसतच नव्हता, जसं आपलं नाक आपल्याले दिसत नाई.

साबणानं धुतला, मनगटावरच. गाठीत बोट जात नाई. पुन्हा धुतला. दुपारपर्यंत पुन्हा ओला, त्यानं चोखून ओला केला.

आईले म्हटलं काढू. ती एकदम गरम झाली. म्हणते, तुह्या बापानं पण नसता काढला. पाठाचा दोरा आपोआप गळते, कापत नसतात. आन तो आपला नाई, त्याईचा आहे, त्याईच्या हातचा. आपली पोरगी तिकडं दिली आहे, वं.

दोऱ्यानंच होऊन राह्यलं का, माहीत नाई. पण डॉक्टर म्हणाले होते जे तोंडात जाते ते. हे वीस वेळा जाते.

२१ एप्रिल
विहारात गेली. भंतेजीले विचारीन म्हणून. ते वऱ्हांड्यात बसून पेपर वाचत होते. मी पायऱ्याजवळ उभी. त्याईनं विचारलं, काय बेटा? मी म्हटलं काई नाई. मंग कोपऱ्यातला झाडू घेतला आन आंगण झाडलं. सगळं. पिंपळाखालचं पण. झाडून घरी आली.

चिठ्ठी पण नेली नव्हती.

२३ एप्रिल
आज पुन्हा. रस्त्यानं वाक्य पाठ करत गेली. भंतेजी, एक विचारायचं आहे, लेकराच्या हातचा पाठाचा दोरा काढला तं चालते का. अकरा-बारा वेळा म्हटलं असंल मनात.

भंतेजी हसले. म्हणे, आज झाडू नको, परवाचंच स्वच्छ आहे. मंग माझ्या तोंडातून जे निघालं त्याच्यात एक पण पाठ केलेला शब्द नव्हता. म्हटलं, दोरा सडला भंतेजी, आन तो चोखते, आन माझ्या ताईची नोकरी जाईल.

त्याईनं पूर्ण ऐकलं. किती महिने झाले विचारलं. मंग म्हणाले, "लेकरू चांगलं राहावं म्हणून पाठ केला. दोऱ्यानं त्याले बिमार पाडावं म्हणून नाई केला. काढ. पण त्याच्या मायले विचारून काढ, लपून नको." काढला की झाडाच्या बुडाशी ठेव म्हणाले.

येताना अर्धा रस्ता पळतच आली.

२४ एप्रिल
ताईले सांगतलं. तिनं गोलूचं मनगट हुंगून पाह्यलं. मंग म्हणाली कापून टाक, मी पाहत नाई, मी दोरीवरचे कपडे काढायले जाते. आईले म्हणाली, मी सांगतलं तिले. आई भाजी चिरत राह्यली.

नेलकटरनं कापला. कात्री जाईना. गोलू हसत होता, त्याले वाटलं खेळ आहे. खाली पांढरी पट्टी, लाल किनार. खोबरेल तेल लावलं. त्यानं हात तोंडात घातला, शोधलं, काई सापडलं नाई, माझ्याकडं पाह्यलं. मी धुतलेल्या चाव्या दिल्या.

संध्याकाळी पिंपळाच्या बुडाशी ठेवून आली.

ताई म्हणते, गोंदियाच्या आईईले सांगू गळून पडला. तू काईच बोलू नको शालू. तशीही तू बोलत नाईस. मी म्हटलं बरं.

२८ एप्रिल
सा.बा. आल्या. सकाळच्या गाडीनं. पोहे, चिवडा, गोलूसाठी स्वेटर (एप्रिलमध्ये!). उतरल्या उतरल्या आईले म्हणाल्या, काय इहीणबाई, लेकरू वाळवून टाकलं माझं. आई म्हणे, तुमचंच लेकरू, तुमच्यासारखंच सुकं आहे. दोघी हसल्या. मले वाटलं चला, निभलं.

गोलूले स्वतः आंघोळ घातली त्याईनं. तेलानं चोळला, पाय ओढले, नाक ओढलं. मी टॉवेल घेऊन उभी. मंग गोलूचा हात धरून थांबल्या. दोरा कुठी गेला?

ताई दारातून म्हणाली, गळला आई. कपड्यात निघाला असंल.

सा.बा. खुश झाल्या. गळला तं चांगलंच झालं म्हणाल्या, त्याचं काम झालं. आन पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढली. गेल्या पौर्णिमेले पुन्हा पाठ ठेवला होता म्हणे, तो बिमार पडून राह्यला म्हणून. नवीन दोरा. पांढराशुभ्र. गोलूचा हात पुसून मांडीवर घेतला, दोऱ्याचं टोक दातात धरलं बांधायले.

मी म्हटलं, "मावशी, गळला नाई. मी कापला."

ताईनं डोळे मिटले.

त्याईनं दोरा दातातून काढला. "कोणाले विचारून?"

"भंतेजीले. आन ताईले."

"आन मले?"

मी म्हटलं, "तुम्हाले नाई."

पुढचं सांगता आलं नाई. सडला होता, चोखत होता, सगळं आत होतं पण आलं नाई. त्याईनं दोरा परत पुडीत घातला, पुडी पिशवीत. गोलूले ताईजवळ दिला. दुपारी जेवल्या नाईत, डोकं दुखते म्हणाल्या.

ताई माझ्याशी बोलत नाई. एवढंच म्हणाली की वर्षभर तोंड उघडत नाईस आन उघडलं तं हे.

बांधला असता तं पुन्हा तेच झालं असतं. मी बरोबर केलं. लिहून ठेवते, नंतर घाबरली तं वाचीन.

२९ एप्रिल
गोलूचं पोट चांगलं. बारा दिवस.

सा.बा. दिवसभर खाटेवर बसून पाहत होत्या. मी खेळणी धुतली, टिनावर मांडली, उतरवली. बिट्टू आला, त्याचे हात धुतले, साधा डबा दिला. त्या पाहत राह्यल्या. बाहुली दोनदा खाली पडली, दोनदा पुन्हा धुतली.

चारच्या चहाले म्हणाल्या, हे रोज करते का तू? मी हाव म्हटलं. कोणी शिकवलं? मी खिळ्यावरची चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, चष्मा गोंदियाले राह्यला, वाच. मी वाचली. मंग म्हणाल्या, अजून काय लिहिते तू, दिवसभर वही घेऊन फिरते?

मी ही वही आणली. याच्यात त्याईच्याबद्दल पण आहे, म्हणून बोटानं झाकून फक्त १९ तारीख काढली. उभ्यानंच वाचली, मोठ्यानं. खुळखुळा चार. चाव्या सहा. चमचा दोन. माझी वेणी तीन. मनगट अकरा. मंग दुपारचं. मनगट नऊ. निजताना पण मनगट.

त्याईनं कप खाली ठेवला. चहा थंडा झाला. मंग गोलूचा हात घेऊन त्या पांढऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. लाल किनार आता गेली आहे.

"माझा मधला असाच गेला," म्हणाल्या. "पोटानंच. मी बिडीच्या कामावर जायची, सासू सांभाळायची. काय खाल्लं, काय तोंडात गेलं, मले कोणी सांगतलं नाई. मी पण विचारलं नाई."

भाऊजीचा एक भाऊ असा गेला हे ताईले पण माहीत नव्हतं.

मी वही बंद केली. त्याईचा कप घेऊन चहा गरम करून आणला.

१ मे
ताईले सुट्टी. बोलली माझ्याशी. म्हणे, केसात तेल लावून देऊ का.

सा.बा.ईनं आज स्वतः निळ्या बकेटीचं पाणी भरलं. नळावर चाचीशी बोलत होत्या, गोंदियाच्या हिंदीत. घरात आल्या तं आईले म्हणाल्या, लेकरू आपल्या घरी असलं तं मन शांत राहते इहीणबाई. आई म्हणाली, मायजवळ असलं तं पण राहते. दोघीही हसल्या नाईत या वेळी.

घेऊन जातो म्हणाल्या नाईत. नाई नेत असं पण म्हणाल्या नाईत. पुडी त्याईच्या पिशवीतच आहे, मी पाह्यलं.

२ मे
गाडी उद्या सकाळची. लहान लेकराचं तिकीट लागत नाई, म्हणून तिकिटावरून काई समजत नाई.

सा.बा.ईनं पिशवी भरली, दारापाशी ठेवली. वर जागा ठेवली थोडी. कायले ठेवली?

दुपारी गोलू त्याईच्या मांडीवर होता. त्याईच्या गळ्यातली काळ्या मण्याची पोत दोन्ही हातानं धरून तोंडात घातली. मण्यात घाम, तेल, गाडीची धूळ. मी समोर डबा घेऊन बसली होती. ताई पाहत होती, आई पाहत होती. मी म्हटलं, मावशी, पोत.

त्याईनं माझ्याकडं पाह्यलं. मंग पोत त्याच्या तोंडातून काढली, पदराच्या आत टाकली, आन हात पुढं केला. मी चाव्या दिल्या.

"सोळा वर्षाची आहेस ना तू," म्हणाल्या.

मी हाव म्हटलं.

"हूं," म्हणाल्या.

संध्याकाळी आई म्हणाली, गोलूचे कपडे दोरीवरून काढ, घडी करून ठेव, लागले तं. मी म्हटलं, ओले आहेत अजून.

सकाळपासून उन्हात आहेत. वाळून कडक झाले.